मी टोचत नव्हते: एका कवळीची कैफियत

मी आजींची कवळी बोलतेय. हसलात ना? हसा, हसा. कवळी म्हटलं की लोकांना हसू येतंच. पण आज ना उद्या माझ्या एखाद्या बहिणीशी तुमचीही गाठ पडणार आहे, तेवढं लक्षात असू द्या.

वरची आणि खालची मिळून मी एकच आहे. एकमेकींवर आपटल्याशिवाय आमचं काम होत नाही. माणसंही घरात दिवसभर एकमेकांवर आपटत असतात, पण त्यातून कुणाच्या पोटात काही गेलेलं मी पाहिलेलं नाही.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यातला. पुढे डॉक्टरांची खोली आणि तिच्या मागे एक अरुंद खोली. तिथे घासायची मोटर, मेणाच्या वड्या, प्लास्टरच्या पिशव्या आणि खिडकीखाली एक स्टूल. त्या स्टुलावर बसून कवळ्या घडवणारी बाई म्हणजे आजींची सून. मी तिला आजही सूनबाईच म्हणते. पुढे बरंच काही झालं, पण मला दुसरं काही म्हणता येत नाही.

तेव्हा आजींचे उरलेसुरले दात नुकतेच काढून झाले होते. त्याच सुमाराला नात ठकी हिचे समोरचे दुधाचे दात पडले होते. दोघी बोळक्या समोरासमोर बसून एकमेकींना वेडावून दाखवायच्या. ठकीचा धाकटा भाऊ टिल्लू तेव्हा रांगत होता आणि सगळ्या घरात त्याच्याच तोंडात काय ते नवे दात होते. सूनबाईने मेणात माझा एकेक दात बसवला आणि आजींना बोलायला लावलं. स नीट निघतो की नाही, यावर कवळीची परीक्षा होते.

"आई, सासू म्हणा."

"सासू."

"आता सून म्हणा."

"सून."

दोन्ही शब्द स्वच्छ आले. डॉक्टरांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "वा! ही जन्मात टोचायची नाही." आजींनी घरी जाऊन मूठभर शेंगदाणे चावून दाखवले. ठकीने टाळ्या वाजवल्या.

ते दिवस मजेचे होते. संध्याकाळी मुलं आजींच्या पुढ्यात येऊन बसायची आणि ठकी ओरडायची, "आजी, दात काढ ना!" आजी जिभेने मला हळूच पुढे ढकलायच्या, डोळे वटारायच्या, आणि टिल्लू किंचाळून सूनबाईच्या मागे लपायचा. पुन्हा दोन मिनिटांनी बाहेर डोकावून म्हणायचा, "पुन्ना!" कुणाची आजी गाते, कुणाची आजी भरतकाम करते. आमच्या आजींची कला ही. आजींचा मुलगा, म्हणजे या मुलांचा बाप, मोबाइलमधून मान वर करून म्हणायचा, "आई, काय हे! शोभतं का?" आणि पुन्हा मान खाली घालायचा.

पुढे नवराबायकोचं बिनसलं. का बिनसलं ते मला नीटसं ठाऊक नाही. त्यांची भांडणं निजायच्या खोलीत व्हायची आणि मी त्या वेळी वाटीत पाण्याखाली असायचे. पाण्याखाली ऐकू कमी येतं. पण आजींना ऐकू येत होतं, कारण सकाळी मला तोंडात घालताना त्या त्याच खोलीच्या दाराकडे बघत असायच्या.

प्रकरण कोर्टात गेलं. मुलगा म्हणाला, "आई, तू फक्त एवढंच सांग, की हिचं घरात लक्ष नसायचं. बाकी वकील बघून घेतील."

"अरे, पण लक्ष होतं तिचं."

"मग नातवंडं जातील हातातून. बघ बाई तूच."

आजींनी सांगितलं. सगळ्यांसमोर उभं राहून, सून नोकरीतच गुंतलेली असायची, मुलांकडे तिचं लक्ष नसायचं, असं सांगितलं. माझ्याच मदतीने सांगितलं. ज्या बाईने दात करून दिले, तिच्याविरुद्ध बोलायला तेच दात वापरायचे, हे माणसांनाच सुचू शकतं. सूनबाई समोर उभी होती. ती आजींच्या डोळ्यांत बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. बोलताना कवळी हलते का, ते पाहत असावी. हातच्या कामाची सवय जात नाही.

एवढं करून मुलं गेली ती आईकडेच. बापाला एकाआड एक रविवार मिळाला. आजीला काय मिळालं? काही नाही. त्या जाडजूड निकालात आजी हा शब्दच नव्हता. बापाने वर्षभरात दुसऱ्या शहरात बदली घेतली, दुसरं लग्न केलं, आणि ते रविवार तसेच पडून राहिले. टिल्लूची तीनचाकी गॅलरीत गंजली. आजी रोज ती पुसायच्या आणि पुसून झाली की तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या.

शेजारीण म्हणायची, "अहो, एवढ्या झुरता कशाला? जाऊन या की सुनेकडे."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

या प्रश्नावर मीही पुष्कळ विचार केला. तोंड म्हटलं की त्यातली निम्मी मीच ना!

आजींना एक वाक्य बोलायचं होतं: मी खोटं बोलले. दिवसातून कितीदा तरी ते वाक्य जिभेवर यायचं, माझ्यापर्यंत पोचायचं आणि गिळलं जायचं. भीती एवढीच, की ते ऐकून सूनबाईने दार लावून घेतलं तर? मग मुलं जन्मात दिसायची नाहीत. न बोलता निदान आशा तरी शिल्लक राहते, असा आजींचा हिशेब.

अशात त्यांना कुणाकडून तरी कळलं, की शनिवारी मुलांची शाळा लवकर सुटते आणि आईचं काम संपेपर्यंत ती दवाखान्यातल्या बाकावर बसून असतात. त्या शनिवारी आजी ठेवणीतली साडी नेसल्या, दोन बस बदलून दवाखान्यात पोचल्या आणि टेबलामागच्या मुलीला म्हणाल्या,

"कवळी टोचते."

मी! टोचते! अहो, आदल्या रात्री मी उसाचं कांडं सोललं होतं. पण माझं कोण ऐकतो? मी बोलते ती दुसऱ्याच्या मर्जीने.

बाकावरून टिल्लू उडी मारून आला आणि भरल्या दवाखान्यात ओरडला, "आजी, दात काढ!" सगळे पेशंट सुजलेल्या गालांनिशी वळून बघायला लागले. आजींनी काढले. एक गृहस्थ गाल धरून हसले आणि लगेच कळवळले. ठकी मात्र जागची उठली नाही. ती आता मोठी झाली होती. आजी जवळ गेल्या तेव्हा तिने आधी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि मगच आजींच्या कमरेला मिठी मारली.

डॉक्टरांनी तपासलं. "कुठे टोचते?"

"इथं. डावीकडे."

"मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला कसं दिसेल? टोचतंय मला."

डॉक्टरांनी मला मागे पाठवलं. सूनबाईने मला हातात घेतलं, उजेडाला धरलं, माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. तिला कळलं. न कळून कसं चालेल? आता ती बाहेर जाऊन म्हणेल, की हिला धाड भरलेली नाही, तुम्ही आपल्या घरी जा. मी वाट बघत होते. एका हातात मला धरून तिने दुसऱ्या हाताने मोटर सुरू केली. मोटर घुर्र घुर्र फिरत राहिली आणि मी हवेत तशीच. माझ्या अंगाला तिने काही लावलं नाही.

दाराच्या काचेतून बाकडं दिसत होतं. आजी बोळक्या तोंडाने मुलांना गोष्ट सांगत होत्या. ती मला ऐकू आली नाही. कधीच ऐकू आली नाही. भेट व्हायची माझ्यामुळे आणि भेटीच्या वेळी मी मागच्या खोलीत! मदतनीस मुलगी विचारायला आली तेव्हा सूनबाई म्हणाली, "बसू दे त्यांना. अजून वेळ लागेल." वेळ कसला लागणार होता? मोटर मात्र तापली.

मग दर शनिवारी हेच. आजी म्हणायच्या टोचते, आणि सूनबाई म्हणायची घासली. दोघी खोटं बोलायच्या आणि बदनामी व्हायची माझी. कोर्टाने भांडीकुंडी वाटली, मुलं वाटली, पण हाक वाटायची राहून गेली होती. मला परत करताना सूनबाई "घ्या, आई" एवढंच म्हणायची. आजी "बरं आहे आता" म्हणायच्या. त्यापुढे दोघींचं गाडं सरकत नव्हतं.

पेशंटांत कुजबुज सुरू झाली. "इथे कवळी करू नका हो. त्या आजी बघा, बिचाऱ्या दर आठवड्याला खेपा घालतात." डॉक्टर एक दिवस सूनबाईवर घसरले.

"सगळ्या जगाच्या कवळ्या बसतात आणि घरच्या माणसाची बसेना? काय चाललंय हे?"

"वयानुसार जबडा बदलतो, डॉक्टर."

"दर शनिवारी?"

सूनबाई पुन्हा मोटरकडे वळली. स्वतःच्या हाताला तिने नावं ठेवून घेतली, पण मोटर हवेत फिरते हे सांगितलं नाही. मला तिचा राग यायचा आणि मायाही वाटायची. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा कवळीने काय करावं?

आजींना खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्या गोंधळायच्या. एकदा म्हणाल्या उजवीकडे टोचते. ठकीने त्यांचा पदर ओढला. "आजी, मागच्या वेळी डावीकडे होतं." आजींचा चेहरा पडला. ठकी त्यांच्या कानाशी लागली, "खालची म्हण. खालची अजून झाली नाहीये." कार्टी सगळं ओळखून होती. एकदा तर डॉक्टरांनी हाक मारली तेव्हा आजी मुलांबरोबर कडक बिस्किटं कडाकडा चावत होत्या. त्यांनी तोंड पुसलं आणि कण्हतच आत गेल्या.

असं बरं चाललं होतं. घात केला तो शेजारणीच्या कनवाळूपणाने. तिने आजींच्या मुलाला फोन करून सांगितलं, "अरे, आईच्या दातांचं बघ जरा. दर शनिवारी दुरुस्तीला जातात बिचाऱ्या." मुलगा धावत आला. पोटच्या पोरांना भेटायला त्याला सवड नव्हती, पण आईच्या दातांसाठी रजा मिळाली.

"तिच्याच हातची ना ती कवळी? मग टोचणारच. चल माझ्याबरोबर. नवी करून घेऊ. कॉम्प्युटरवर माप घेतात तिकडे."

"अरे, हीच बरी आहे."

"बरी असती तर दर शनिवारी कशाला गेली असतीस?"

यावर आजींची दातखीळ बसली, माझ्यासकट. खरं सांगितलं तर शनिवार बंद, खोटं रेटलं तर नवी कवळी! जुनं नीट बसत नसेल तर त्याच्या नादी न लागता नवं आणावं, हे त्यांच्या मुलाचं तत्त्व. ते त्याने फक्त माझ्याच बाबतीत पाळलं असं नाही.

तर अशी माझी सवत आली. पांढरीशुभ्र, एकसारखी, एक दात दुसऱ्यापेक्षा तसूभर लांब नाही. ती बसवल्यावर आजी हसल्या तेव्हा कुणीतरी दुसरीच बाई हसल्यासारखं वाटलं. मुलगा खूश झाला. "आता कुठे खेपा घालायला नकोत." आजी "नाही" म्हणाल्या. पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. नव्या दातांना सवय व्हायला वेळ लागतो, असं नव्या सुनेने समजावून सांगितलं.

आजी घरी परतल्या आणि शनिवार उजाडला. त्यांनी सवतीला तोंडात घातलं, मला डबीत, डबी पिशवीत, आणि निघाल्या. बसमध्ये त्या दोन्ही हातांनी पिशवी धरून बसल्या होत्या. टोचते म्हणायला आता काही उरलं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

टिल्लू धावत आला. "आजी, दात काढ!" आजींनी जिभेने ढकललं. सवत हलेना. तिला चिकटवायची पेस्ट लावली होती, ती टाळूला घट्ट धरून बसली होती. आजींनी डोळे वटारले, पुन्हा जोर लावला. टिल्लू वाट बघत उभा राहिला, मग म्हणाला, "तुला येत नाही आता?" आणि बाकावर जाऊन बसला. आजी तिथेच उभ्या राहिल्या. कधी नव्हे ते मला सवतीवर ओरडावंसं वाटलं, की अगं सूट की मेले!

डॉक्टर मात्र आनंदले. "छान! अप्रतिम बसली आहे. सुटलात आजी, आता इकडे यायचं काम नाही."

आजींनी घाईघाईने डबी काढली. "ही जुनी... हिला जरा घासून ठेवता का? अडीअडचणीला असावी."

"कशाला? आता टाकून द्या ती." डॉक्टरांनी मला डबीतून उचललं आणि पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आत रक्ताळलेला कापूस होता. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

"द्या इकडे."

सूनबाई दारात उभी होती. तिने मला डॉक्टरांच्या हातातून घेतलं आणि आत गेली. मोटर सुरू झाली. मी नेहमीसारखी हवेत. काचेतून ती बाहेर बघत होती. आजी बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, ठकीने त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि नव्या दातांनी त्यांना गोष्टसुद्धा सांगता येत नव्हती. सूनबाईने मोटर बंद केली. ती माझ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग मला तशीच तळहातावर घेऊन बाहेर आली.

"आई, हिला काही झालेलं नाही."

आजी मान खाली घालून बसल्या.

"कधीच झालं नव्हतं. मी एकदाही घासली नाही. नुसती मोटर फिरवायचे."

"तुला माहीत होतं?"

"माझ्या हातची आहे ती. मला माहीत नसेल तर कुणाला?"

एरवी दुखण्याने विव्हळणारेसुद्धा कान देऊन ऐकत होते. आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी बाकाचा आधार घेतला आणि म्हणाल्या, "सूनबाई, मी कोर्टात खोटं बोलले. तुझं मुलांकडे लक्ष होतं. माझ्या पोरापेक्षा शंभरपट होतं. नातवंडं जातील या भीतीने मी खोटं बोलले, आणि तीच गेली."

नव्या दातांतून प्रत्येक स शिट्टीसारखा निघत होता. कुणी हसलं नाही. इतकी वर्षं जे वाक्य माझ्यापर्यंत येऊन परत जायचं, ज्याच्यासाठी मी रोज वाट मोकळी करून बसायचे, ते शेवटी सवतीच्या नशिबी आलं. तेही तिला धड म्हणता आलं नाही. माझ्याइतकं वाईट त्या क्षणी कुणाला वाटलं नसेल आणि माझ्याइतका आनंदही कुणाला झाला नसेल.

सूनबाईचा तळहात घामेजला होता.

"मला ते विसरता येत नाही, आई."

"विसरूही नकोस."

"रोज आठवतं."

"आठवू दे. मी काही मागायला आले नाही गं. फक्त..." आजींचा हात मुलांच्या दिशेने थोडा वर गेला आणि तसाच खाली आला.

ठकी आईकडे बघत होती. डोळ्यांची पापणी लवत नव्हती. सूनबाईने ओठ चावला, मग कमरेची किल्ली सोडली.

"शनिवारी मला इथून निघायला उशीर होतो. ही दोघं उपाशी बसतात. शाळेतून यांना परस्पर घरी घेऊन जात जा. वरण-भात लावून ठेवते सकाळी, गरम करून वाढा."

"घरी? तुझ्या घरी?"

"मग काय, आयुष्यभर या बाकावर बसणार आहात? पेशंटांना जागा पुरत नाही."

आजींनी किल्ली घेतली आणि ढसाढसा रडल्या. तोंड एवढं वेडंवाकडं झालं, की पेस्ट सुटली आणि सवत टपकन हातात आली. टिल्लू आनंदाने किंचाळला, "काढले! आजीने काढले!" गाल धरून बसलेले सगळे हसले. सूनबाईही हसली, पण तिने लगेच तोंड फिरवून डोळे पुसले.

डॉक्टरांना अजून नीटसं उमगलेलं नाही. ते लोकांना सांगतात, की त्या आजींना शेवटी कॉम्प्युटरच्या कवळीने गुण आला.

आता मी सूनबाईच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर एका वाटीत राहते. आजी शनिवारी मुलांना घेऊन आल्या की आधी हात धुतात, सवतीला काढून ठेवतात आणि मला घालतात. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की धांदल उडते, पुन्हा अदलाबदल होते. "नवी कशी आहे, आई?" तो विचारतो. "छान आहे रे," आजी म्हणतात, आणि शिट्टी वाजते. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण लोक वाईट अर्थाने का वापरतात, मला कळत नाही.

सगळं गोड झालंय असं समजू नका. सासू-सून अजूनही भांड्यांच्या जागेवरून धुसफुसतात. आजी टिल्लूचा अभ्यास घेताना घसा बसेपर्यंत ओरडतात. सूनबाई कधीकधी एकदम गप्प होते, तेव्हा आजींना कारण विचारावं लागत नाही. त्या उठून भांडी घासायला लागतात. पण किल्ली आजींच्याच कमरेला आहे.

माझ्या दातांची धार आता बोथट होत चालली आहे, आणखी किती दिवस चालेन कोण जाणे. म्हणून जाता जाता एक विनंती करते. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एक दिवस म्हणेल, गुडघा ठणकतो, चष्म्यातून दिसत नाही, कानात घूं घूं होतं, कवळी टोचते. त्याला डॉक्टरांकडे जरूर न्या. त्याच्या शेजारी बाकावर बसा. ते कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलंय, ते नीट बघा. तेवढं कळेपर्यंत कृपा करून नवी कवळी आणायची घाई करू नका.